सोनुबाईच्या रक्तातला पूरक

मी सोनुबाईच्या रक्तातला पूरक बोलतोय. मी एक प्रथिन, जन्म तिच्या यकृतातला. आयुष्य चार-दोन दिवसांचं. पण एक झिजला की यकृत दुसरा घडवतं, म्हणून तिची गोष्ट मी माझीच म्हणून सांगतो.

आधी माझं नावच बघा. पूरक! मुख्य उत्तरपत्रिका दुसऱ्याची आणि मी तिला दोऱ्यानं बांधलेली पुरवणी. पांढऱ्या पेशींना लोक सैनिक म्हणतात. प्लेटलेट कमी झाल्या की घर हवालदिल होतं, पपईची पानं शोधत फिरतं. माझ्यासाठी कुणी कधी पान तोडलं नाही. खोटं कशाला बोलू? माझा जळफळाट होतो.

दिवाळीनंतर पोशीर गावात भातकापणी चालली होती. सोनुबाई अनवाणी होती. बांधावर पडलेली बांबूची कामटी तिच्या तळपायात खोल घुसली. पेंढ्या बांधणारी सून हर्षला धावत आली.

"आई, चला दवाखान्यात."

"जरासं तर लागलंय गं. हळद दाबली की झालं. भात शेतात पडलाय, आन् मी दवाखान्यात जाऊ?"

कामटी तिनं उपसून काढली, पण तिच्याबरोबर मातीतले जंतू आत शिरले होते. तिथं पहिला पोचलो तो मी. जंतूला भिडलो की माझे दोन तुकडे होतात. एक त्याला चिकटून खूण करतो, दुसरा रक्तात हाकाटी करत सुटतो. त्या हाकेनं बारीक रक्तवाहिन्या सैल झाल्या, पाणी झिरपलं, पाय लाल आणि गरम झाला. मग पांढऱ्या पेशी धावत आल्या. हाक माझी, नाव त्यांचं.

तोवर प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यांच्यावर धाग्यांचं जाळं विणलं गेलं आणि रक्त थांबलं.

"बघ, थांबलं का नाय रगात?" सोनुबाई खुशीत म्हणाली.

कौतुक झालं ते गोठणाऱ्या रक्ताचं. मी आत धुमसत राहिलो.

दोन दिवस ती तशीच लंगडत कापणीला गेली. तिसऱ्या दिवशी ताप भरला. पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि तिनं अंथरूण धरलं. "हलवला की कळ येते गं," म्हणत तिनं पाय जागचा हलवला नाही. गावातल्या दुकानातून आणलेल्या गोळीनं ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. जंतू वाढत होते आणि मी ओरडत होतो.

ओरडणं गरजेचंच होतं. पण थांबायचं कधी, हे मला कळलं नाही. मला आवरणारे राखणदार शरीरात आहेत. त्या दिवसांत मी त्यांनाही जुमानलं नाही. माझ्या आरोळ्यांनी पांढऱ्या पेशी बिथरल्या, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर चिडलं आणि जिथं जखमच नव्हती तिथं रक्त गोठू लागलं. रक्त गोठवणारं थ्रोम्बिन जागं झालं, त्यानं आम्हा पूरकांतल्याच काहींना कापलं आणि त्या तुकड्यांनी आणखी हाकाटी केली. ज्या गोठण्याचा मी हेवा करत होतो, त्यालाच मी पोसत होतो. आणि ते मला.

सहाव्या दिवशी हर्षलानं काही ऐकून घेतलं नाही. रिक्षा बोलावून ती सासूला कर्जतला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली.

"पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गाठ झालीय. सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. दाखल करून घेते."

हर्षलाचा चेहरा उतरला. "पण मॅडम, जखम तळपायाला. गाठ वर कशी?"

"सूज येणं आणि रक्त गोठणं, दोन्हींचा आतून संबंध असतो. रक्तात पूरक नावाची प्रथिनं असतात. ती जंतूंवर तुटून पडतात, सूज आणतात आणि फार चवताळली की रक्त गोठायलाही हातभार लावतात. त्यात मावशी झोपून राहिल्या."

पहिल्यांदाच कुणी माझं नाव घेतलं होतं! मी फुललो. मग ध्यानात आलं, नाव निघालं होतं ते गुन्हेगार म्हणून.

"मंग काढून टाका की तेला," सोनुबाई म्हणाली.

"तो नसला तर साधा जंतूही भारी पडेल, मावशी."

"मंग ऱ्हाऊ दे. आमचा दीर बी असाच भांडकुदळ हाय. पर चोर आला तर पयला तोच उठतो."

जखमेतला पू काढला. जंतूंवर औषध सुरू झालं, पोटावर रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं. घरी आल्यावर ती हर्षलाच द्यायची. जंतू संपले तसा माझा आवाज बसला. गाठ वाढायची थांबली आणि हळूहळू विरली. विरवणारेसुद्धा रक्तातले दुसरेच. त्यांचाही मला हेवा वाटतो; स्वभाव कुठं जातो?

पण एक विनवणी करतो. पाय लाल होऊन सुजत चालला, अंगात ताप भरला, तर ती माझी हाक समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मला एकट्याला ओरडत ठेवू नका.

सोनुबाई आता चप्पल घालून बांधावर जाते. आजही गेली. मागून हर्षला ओरडली, "आई, सावकाश! पाय जपा!"

"पाय माजा हाय गं, तुजा नाय!"

दोघी हसल्या. तो थोडा माझाही आहे, हे मात्र दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.