रंगाखाली मिटलेली तोंडं

आप्पांची जुनी गाडी वळताना कण्हायची. नुसती कुरकुर नव्हे, अडल्या गाईसारखं, गल्लीभर ऐकू जाईल असं. आप्पांचं म्हणणं, "वय झालं की आवाज येणारच. माझे गुडघे नाही वाजत?"

"तुमच्या गुडघ्यांवर बसून मला दवाखान्यात जायचं नाही," बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. "संध्याकाळपर्यंत आवाज गेला नाही तर भावाला बोलावते. त्याची गाडी नवी आहे."

झालं. गाडी म्हणजे आप्पांची अब्रू, आणि मेहुणा म्हणजे मेहुणाच. सगळ्या शेजाऱ्यांदेखत बायको त्याच्या गाडीत बसणार, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि आप्पांनी ग्रीस गन उचलली.

आता ऐका, गाडीची सेवा या माणसाइतकी कुणी केली नसेल. दर रविवारी चटई घालून ते गाडीखाली शिरत. चाकांच्या आणि स्टिअरिंगच्या सांध्यांत ग्रीस भरायला बारीक तोंडं असतात, त्यांना निपल म्हणतात. एकेका निपलवर गन धरायची, दाबायची, कडेनं ग्रीस ओघळलं की "पोट भरलं" म्हणायचं आणि फडक्यानं तोंड पुसायचं. शिवाय दर वर्षी गाडीची खालची बाजू काळ्या रंगानं रंगवायची. गंज मनाला चढतो तसा लोखंडालाही चढतो, हे निरूपण शेजाऱ्यांना फुकट.

त्या दुपारीही गाडीखालून समाधानाचा सुस्कारा आला. "भरलं गं पोट."

बायको पायरीवर बसली होती. "एक विचारू? तुम्ही गाडीला ग्रीस देता किती?"

"डबाभर."

"आणि फडक्यांना लागून माझ्या धुण्यात येतं तेही डबाभरच. मग गाडी खाते काय?"

आप्पांनी एक निपल नखानं खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला. त्याखाली दुसरा, त्याखाली आणखी. इतकी वर्षं बाप मिटल्या तोंडाच्या पोराला भरवत होता, आणि गालावरचा घास बघून पोर जेवलं म्हणत होता.

"सापडलं काही?"

"रंग चांगल्या प्रतीचा आहे," आप्पा म्हणाले.

मग तारेचा ब्रश आला, रॉकेल आलं, सुई आली. निपलच्या टोकाशी बारीक गोळी असते, ती आत दबली तरच ग्रीस आत जातं. एकेक गोळी मोकळी करून गन दाबली, तशी सांध्यांतून सुकल्या चिखलासारखी काळी घाण बाहेर पडू लागली. पण उजव्या चाकाचं निपल काही केल्या उघडेना. पान्यानं काढून पाहिलं, तर आत जुन्या ग्रीसचा दगड झालेला. नवंच हवं होतं. रविवार असल्यानं दुकानं बंद होती. सुट्या भागांचं एकच दुकान हाकेसरशी उघडणारं, आणि ते मेहुण्याचं.

आप्पांनी फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला.

"निपल?" मेहुणा म्हणाला. "पण दाजी, तुमच्या गाडीइतकं ग्रीस पंचक्रोशीत कुठल्या गाडीला नाही म्हणत होतात."

"नाहीच. बाहेरून."

तो आला, निपल दिलं, आणि बहिणीकडून फडक्यांची कथा ऐकून चहाचा कप खाली ठेवून हसला. आप्पांनी नवं निपल आवळलं, गन दाबली. मग आत बसून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. हूं नाही की चूं नाही.

बायकोनं कान देऊन ऐकलं. भावाला म्हणाली, "उद्या तुझी गाडी नको."

आप्पांची छाती फुगली.

"हीच नेऊ. चालवायला मात्र तू ये."

"अगं, मी आहे की," आप्पा म्हणाले.

"तुम्ही दारोदार थांबून लोकांना शांतता ऐकवाल. माझी वेळ चुकेल."

सकाळी मेहुण्यानं गाडी काढली. शेजारी दाराशी उभे होते, पण गाडी इतकी मुकाट वळली की कुणी मान वर केली नाही. मागच्या सीटवरून आप्पांना खाकरावं लागलं.