पँटवरचा पिवळा रंग

इतर लाँड्रीवाल्यांनी हात जोडून परत केलेला कपडा शेवटी वहिनींच्या दुकानात यायचा. शाई, गंज, डांबर, काहीही असो, वहिनी आधी कपडा उलटा करायच्या, शिवणीशी बोटं फिरवायच्या आणि मगच निघेल की नाही ते सांगायच्या. दुकान नवऱ्याचं. तो गेल्यावर वहिनी आणि त्यांचा दीर दोघं मिळून ते चालवत होते. हा दीर बारा वर्षांचा असताना वहिनी लग्न होऊन घरात आल्या होत्या. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे त्याचं जेवणखाण, दुखणीखुपणी सगळं त्यांनीच केलं. घरात त्याला धाकटा म्हणत, आणि त्याच्या बायकोला ओघानेच धाकटी.

तीन महिन्यांपासून धाकट्याची पाठ धरली होती. दुपारचं जेवण झालं की तो पाठ शेकून घ्यायला म्हणून दवाखान्यात जायचा आणि संध्याकाळ उतरल्यावर परतायचा. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली आहे असं त्याने सांगितल्यावर वहिनींनी मशीनमधून ओल्या चादरींचे पिळे काढायचं काम स्वतःकडे घेतलं. त्यांचं वय छप्पन्न. खांदे भरून यायचे, पण त्या कुणापाशी बोलल्या नाहीत.

एका सकाळी धाकटी दुकानात आली. पिशवीतून तिने धाकट्याची करडी पँट काढली. गुडघ्यापासून खाली पिवळ्या रंगाचे ओघळ, वाळून कडक झालेले.

"ताई, एवढं बघाल का? यांनी माहेरी माझ्या बाबांची खोली रंगवायला हात लावला. नको म्हटलं, पाठ दुखतेय तुमची, पण ऐकतात कुठे."

"वाळून किती दिवस झाले?"

"झाले असतील आठेक."

"मग आठ दिवस काय पूजा करत होतीस का हिची? ओली असताना आणायची." वहिनी हसल्या. धाकटीही हसली, पण तिची नजर इस्त्रीच्या टेबलावरच होती.

वहिनींनी नखाने रंग खरवडून पाहिला. भिंतीचा रंग नखाखाली पिठासारखा सुटतो. हा चिवट होता, ऑइलपेंट. खोलीच्या दारांना लावला असेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. आधी बोथट सुरीने वरचा पापुद्रा काढला. आतल्या शिवणीवर टर्पेंटाइनचा एक थेंब टाकून कापडाचा रंग जात नाही ना ते पाहिलं. मग डागाखाली पांढरं फडकं घालून, पँट उलटी करून, मागच्या बाजूने कापसाचा बोळा दाबत राहिल्या. घासायचं नाही, नाहीतर रंग कापडात आणखी शिरतो. पिवळेपणा हळूहळू खालच्या फडक्यात उतरू लागला. फडकं सरकवायचं, पुन्हा दाबायचं. शेवटी भांड्यांच्या साबणाचा फेस आणि कोमट पाणी. अख्खी दुपार त्यात गेली. पूर्ण निघेपर्यंत इस्त्री म्हणून लावली नाही, कारण उष्णतेने उरलासुरला डाग कायमचा बसतो. संध्याकाळी त्यांनी पँट घडी करून धाकट्याच्या हातात दिली.

"वहिनी, तुझ्या हाताला तोड नाही," तो म्हणाला.

"पाठ कशी आहे?"

"आहे आपली. थोडा फरक आहे."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी एक नाचाच्या शिक्षिका दुकानात शिरल्या. ओळखीच्या नव्हत्या. त्यांनी काउंटरवर लहान मुलीचा निळा झगा पसरला. छातीवर तळहाताएवढं भोक पडलेलं, कडा चिकट, जळाल्यासारख्या.

"नाचाच्या कार्यक्रमाचा पडदा रंगवताना थोडा रंग उडाला होता. तुमच्या दुकानात दिला, तर हे करून दिलंत. मुलगी रडून रडून बेजार झालीये."

वहिनींनी झगा उलटा केला. नकली रेशीम. त्यावर कुणीतरी नेलपॉलिश काढतात ते एसिटोन ओतलं होतं. एसिटोनने हे कापड पाण्यात साखर विरघळावी तसं विरघळतं. "बाई, हा कपडा माझ्याकडे आलेलाच नाही."

"वहिनींची लाँड्री ना ही? मी पुलापलीकडच्या दुकानात दिला. तिथला माणूस म्हणाला, डाग वहिनी स्वतः काढतात. तिथे दोनदा गेले, त्याने दाद दिली नाही. शेजाऱ्यांनी तुमचा पत्ता दिला."

वहिनींनी झगा ठेवून घेतला, बाईंचा पत्ता लिहून घेतला, दुकानाला कुलूप लावलं आणि चालत पूल ओलांडला. वाटेत त्यांना वाटत होतं, असेल कुणी भामटा, आपल्या नावावर पोट भरणारा. धाकट्याला सांगू, तो बघून घेईल.

दुकान कोपऱ्यावर होतं. नवं शटर, नवी काच. बोर्डावर ठसठशीत पिवळ्या अक्षरांत 'वहिनींची लाँड्री', आणि खाली 'वाळलेल्या रंगाचे डाग खात्रीने काढून मिळतील'. आत धाकटा वाकून एक भलंमोठं ओलं गाठोडं उचलत होता. सहज उचललं त्याने. खांद्यावर टाकलं. मग त्याची नजर काचेकडे गेली.

वहिनी आत गेल्या. गल्ल्यावर धाकटी बसली होती. ती उठून उभी राहिली.

"सांगणारच होतो," धाकटा म्हणाला. "वेळ बघत होतो."

"वेगळं दुकान काढायचं होतं तर मला विचारायचं. मी नाही म्हटलं असतं?"

त्याने गाठोडं खाली ठेवलं.

"आणि पाठ?"

"वहिनी, कधीतरी माझं स्वतःचं काहीतरी हवं ना. तिकडे मी जन्मभर तुझा दीरच."

"मग बोर्डावर स्वतःचं नाव लाव. माझं का लावलंस?"

"तुझं कसं?" तो पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून बोलला. "वहिनी मी म्हणायचो. माझं ऐकून गिऱ्हाइकं म्हणायला लागली. हे नाव तुला मी दिलंय."

यात खोटं काहीच नव्हतं. बारा वर्षांचा पोरगा दुकानाच्या पायरीवर बसून वहिनी, वहिनी करत हाका मारायचा, तेव्हापासून सगळी पेठ त्यांना तसं म्हणत होती. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "तुला तरी सांगावंसं वाटलं नाही? माझ्याकडूनच पँट धुऊन घेतलीस."

"मला यांनी शपथ घातली होती, ताई." धाकटी रडायला लागली. वहिनींना तिची कीव आली नाही, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

"एसिटोन नकली रेशमाला लावायचं नाही," त्या धाकट्याला म्हणाल्या. "शंभरदा सांगितलंय. एका पोरीचा झगा नासलाय तुझ्या हातून." आणि बाहेर पडल्या.

झग्याच्या घेरात आत दुमडलेलं कापड बरंच होतं. वहिनींनी ते उसवून छातीवर नवी पट्टी जोडली आणि झगा शिक्षिकेच्या घरी नेऊन दिला. ते दुकान आपलं नाही, पण तिथल्या माणसाला काम आपणच शिकवलंय, एवढं सांगितलं. त्यापुढे शिक्षिकेने काही विचारलं नाही, चहा ठेवला.

बोर्ड उतरला नाही. पुलापलीकडची बरीचशी गिऱ्हाइकं तिकडेच वळली. वहिनींनी चादरी घेणं बंद केलं. खांदे साथ देत नव्हते आणि एकटीला झेपेल तेवढंच काम हवं होतं. राहत्या घरी त्यांनी स्वयंपाक वेगळा केला. जिन्यात धाकटी भेटली की बाजूला होऊन तिला वाट द्यायच्या.

दोन महिन्यांनी धाकटा दुकानात आला, गिऱ्हाइकं उभी असताना. हातात लोकरीचा कोट, बाहीवर वाळलेला पांढरा ऑइलपेंट. त्याने तोंड उघडलं, पण 'वहिनी' ही हाक काही बाहेर आली नाही. त्याने कोट नुसताच पुढे केला.

वहिनींनी तो उलटा करून पाहिला. "लोकर आहे. गरम पाणी नको, आटेल. टर्पेंटाइन अगदी थोडं, मागून, दाबून. फडकं दर वेळी नवं. घाई केलीस तर बाही जाईल." हे सगळं त्यांनी एखाद्या अनोळखी माणसाला सांगावं तसं सांगितलं आणि कोट परत दिला.

तो घुटमळला. "आणखी काही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग जरा बाजूला हो. यांना कपडे द्यायचेत."

तो गेला. वहिनींनी पुढच्या बाईंची पावती घेतली, पण अक्षरं लागेनात. चष्मा काढून पुसला, तरी लागेनात. शेवटी त्या बाईंनीच वाचून दाखवली, दोन सदरे, एक पडदा. वहिनी फळीकडे वळल्या आणि पडदा कुठे ठेवलाय ते बराच वेळ शोधत राहिल्या.