बोंबलाशेजारचं सफरचंद

मी सफरचंद बोलतोय. चमकतोय म्हणून ताजा समजू नका, ती वरून लावलेल्या मेणाची चमक आहे. खरं सांगू, मी दमलोय.

हिमाचलात झाडावरून उतरवलं तेव्हा माझ्या वासाने माणसं पेटीपाशी घुटमळायची. मग नऊ महिने शीतगृहात काढले. गारठा, अंधार, हवासुद्धा बेताची. सडलो नाही, हे मान्य करतो. पण वास कधी गेला ते मलाही कळलं नाही.

पुढे ठाण्याला, कोपरीतल्या एका गाडीवर तीन दिवस उकाड्यात बसलो. आतून पिठूळ झालो. लोक उचलायचे, नाकाशी धरायचे, परत ठेवायचे. फार वाईट वाटायचं.

अखेर कल्पिताने मला घेतलं. तिच्या सासूबाई, आवडाबाई, तापाने इस्पितळात होत्या. फ्रिजमध्ये तिने मला नेमकं सुक्या बोंबलांच्या डब्याला चिकटून ठेवलं. पावसाळ्याची बेगमी होती ती, आणि झाकण सैल. स्वतःचा वास नव्हताच, दोन दिवसांत त्यांचा लागला.

इस्पितळात आवडाबाईंनी चार दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. पेज नको, खिचडी नको. डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत काही खाल्लं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल."

कल्पिताने मला कापलं आणि फोड सासूबाईंच्या तोंडाशी नेली. तेवढ्यात तिलाच वास आला.

"अगं बाई, याला तर बोंबलाचा वास लागलाय!" ती लाजून फोड मागे घेऊ लागली.

आवडाबाईंनी डोळे उघडले. "काय गो, बोंबील आनलंस?"

"नाही हो आई, सफरचंद आहे."

"ते नको मना. बोंबील भाजून आन. न् तांदलाची भाकर."

कल्पिता हसता हसता रडायलाच लागली. तिने नवऱ्याला फोन लावला, "नयन, बोंबील भाजून आण, भाकरी पण! अरे, आई जेवायला मागतायत!"

डॉक्टर म्हणाले, "खातायत ना? मग खाऊ द्या."

आता नयन डबा घेऊन आलाय. मी खाटेजवळच्या टेबलावर काळा पडत चाललोय. माझी एक फोडही कुणी खाल्ली नाही. वाईट वाटतंय, पण रागवायला त्राण नाही. एकच विनंती आहे. कल्पिता, ही ताटली उचल आणि मला केरात टाक. आईंचं ताट ठेवायला जागा हवी आहे.