भिंगरीचा उजवा डोळा

माझ्या भाचीने आजवर सात मुलींची नाकं फोडली, पण त्यातल्या एकीवरही तिचा राग नव्हता. तिला फक्त फिरायला जायचं होतं.

लोकांना हे पटत नाही. त्यांना वाटतं, जी पोरगी रिंगमध्ये दुसरीच्या बरगड्यांत गुद्दे घालते ती घरीही आदळआपट करत असणार. घरी ती झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायची. ती आठ वर्षांची असताना तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, गेली. बाप वर्षभरात दुसरा संसार थाटून मोकळा झाला आणि पोर माझ्या पदरात पडली. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून मी तिला भिंगरी म्हणायला लागले. ते नाव गल्लीने उचललं, पुढे बॉक्सिंग क्लबनेही.

तिच्या कपाटाच्या दाराला आतून चौदा चित्रं चिकटवलेली होती. गुलाबी पाण्याचं तळं. नजर पोचेल तिथवर मिठाचं मैदान. एक गाव, त्यातली घरं, जिने, दारं सगळी निळी. एक वाळवंट, जिथे वाळूत देवमाशांची हाडं सापडतात म्हणे. आणि सगळ्यात वर, पहिल्या नंबरला, उत्तरेकडचं एक बंदर, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. त्या गावांची नावं माझ्या जिभेला वळत नाहीत. मी तिला म्हणायचे, रात्रच होत नसेल तर तिथली माणसं झोपतात कधी. ती म्हणायची, जाऊन बघते आणि सांगते. मी तीस वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालायचं काम करते. घर ते दवाखाना, एवढाच माझा प्रवास. त्या दाराची मी कितीही थट्टा केली तरी ती घरात नसताना मीही ते उघडून बघत बसायचे.

चौदाव्या वर्षी तिला कुणीतरी सांगितलं की क्लबमधली जी मुलगी जिंकत जाते तिला संघ परदेशात नेतो, तिकीटसुद्धा संघटनाच काढते. दुसऱ्या दिवशी ही क्लबच्या दारात उभी. मी खूप बोलले, तोंड वाकडं करून घेशील म्हटलं, लग्नाला कोण उभं राहील म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि केलं ते स्वतःच्या मनाचंच. आमच्यासारख्यांना दुसऱ्या कुठल्या वाटेने विमान दिसणार होतं?

क्लबच्या सरांना मी कुठे काम करते ते कळलं तेव्हा त्यांनी मलाच तिच्या कोपऱ्यात उभं केलं. दोन राउंडच्या मधल्या एका मिनिटात रक्त थांबवायचं, बर्फाने सूज दाबायची, जखमेवर व्हॅसलीन चोपडायचं. हात माझा हलका, त्यामुळे हे मला जमलं. सरांनी आणखी एक काम शिकवलं, ते चांगलं नव्हतं. डोळा सुजला की रिंगचा डॉक्टर वर येतो, चांगला डोळा झाकतो आणि सुजलेल्या डोळ्यासमोर बोटं धरून किती ते विचारतो. चुकलं की लढत बंद. तेव्हा मी तिच्या मागे उभं राहायचं, पाठीवर हात ठेवायचा आणि डॉक्टरने जितकी बोटं धरली तितक्या वेळा माझं बोट तिच्या मणक्यावर टेकवायचं. सर तिला बजावायचे की मार खाल्लेल्या डोळ्यावर भरवसा ठेवू नकोस, मावशीच्या बोटावर ठेव. ही शुद्ध लबाडी आहे हे मला कळत होतं. तरी मी ती चार वेळा केली, आणि चारही वेळा भिंगरी जिंकली.

ती वीस वर्षांची झाली आणि निवडीच्या शेवटच्या लढतीपर्यंत पोचली. जिंकणारी पुढच्या महिन्यात संघाबरोबर जाणार होती, आणि स्पर्धा होती नेमकी त्या उत्तरेकडच्या बंदरात. हे कळल्यापासून आठवडाभर ती मला तिथला सूर्य किती वाजता कुठे असतो ते सांगत होती.

लढत दुपारी होती, एका जुन्या हॉलमध्ये. पंखे फिरत होते, पण वारा कुणालाच लागत नव्हता. समोर जी मुलगी होती तिला सगळे डावखुरी म्हणायचे. ती गोदामात पोती उचलायची आणि तिचे खांदेच ते सांगत होते.

पहिल्या राउंडला भिंगरीने तिला नाचवलं. डावा, डावा, उजवा, मागे. डावखुरीचा ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरलं, पंचाच्या पांढऱ्या शर्टावर शिंतोडे उडाले. ती पडली नाही, मान खाली घालून येतच राहिली. दुसऱ्या राउंडला भिंगरीने तिच्या पोटात असा गुद्दा घातला की तिचा माउथगार्ड उडून माझ्या पायाशी येऊन पडला, लाळेने आणि रक्ताने बरबटलेला. हॉल ओरडला. मीही ओरडले. खोटं कशाला बोलू, समोरचीही कुणाची तरी पोर आहे हे मला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही. पंचाने माउथगार्ड धुवायला लावला, परत तिच्या तोंडात बसवला आणि लढत पुढे सुरू झाली.

मग डावखुरीचा डावा हात सुटला. तो सरळ भिंगरीच्या उजव्या डोळ्यावर बसला. परत तिथेच. तिसरा बसला तेव्हा ओलं फडकं दगडावर आपटावं तसा आवाज आला. भुवई उकलली आणि रक्ताची धार गालावर आली. भिंगरीचे गुडघे वाकले, ती दोरीवर रेलली. मला वाटलं आता बसते खाली. पण ती दोरीवरूनच मारत सुटली, कानावर, जबड्यावर, मिळेल तिथे, आणि शेवटचा गुद्दा डावखुरीच्या नाकावर घातला. नाक एका बाजूला गेलेलं मला कोपऱ्यातून दिसलं. तेवढ्यात घंटा झाली.

ती स्टुलावर बसली. मी भुवईवर कापूस दाबून धरला. सर टॉवेलने वारा घालत सांगत होते की दोन्ही राउंड आपले आहेत, आता शेवटच्या राउंडला नुसतं लांब राहायचं. समोरच्या कोपऱ्यात डावखुरी गुडघ्यांवर हात टेकून बादलीत रक्त थुंकत होती. भिंगरी माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "मावशी, आधी ठिणग्या दिसल्या. आता खालून काळं काहीतरी वर येतंय."

हे वाक्य मी तीस वर्षांत शेकडो तोंडांतून ऐकलंय. डोळ्याच्या मागचा पडदा सुटायला लागला की माणूस हेच बोलतो, शब्दही बदलत नाही. जे तिथल्या तिथे थांबले त्यांचे डोळे वाचले. जे उद्या येतो म्हणाले त्यांना पुढे मीच हाताला धरून दारापर्यंत पोचवलंय. डावखुरीचा आणखी एक डावा त्याच जागी बसला असता तर उरलेला पडदाही गेला असता.

मी म्हटलं, बस झालं, थांबवू या.

"तीन मिनिटं, मावशी," ती म्हणाली. "नुसती पळत राहीन. मग डोळा काढून ठेव हवा तर."

सरांनी मला दटावलं की माझं काम रक्त थांबवायचं आहे, ते मी करावं. डॉक्टर पायऱ्या चढून वर येत होता. मला त्याला सरळ सांगता आलं असतं. तोंडात शब्द आलेही होते. पण सगळ्यांसमोर मी बोलले असते तर या पोरीने जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं. मी भित्री आहे, म्हणून मी चोरवाट धरली.

डॉक्टरने तिचा डावा डोळा झाकला आणि दोन बोटं धरली. मी तिच्या घामेजल्या पाठीवर बोट टेकवलं, एकदा, दोनदा आणि तिसऱ्यांदा.

डॉक्टरने परत विचारलं.

"तीन," ती म्हणाली.

डॉक्टरने पंचाकडे बघून नाही अशी मान हलवली. पंचाने डावखुरीला मध्ये आणून तिचा हात वर केला. तिला धड उभंही राहता येत नव्हतं, आपण जिंकलो हे तिला तिच्या कोचने दोनदा सांगावं लागलं.

कपडे बदलायच्या खोलीत भिंगरी आधी नुसती उभी होती. हातांच्या पट्ट्या तशाच होत्या. बेसिनवरच्या आरशात तिने स्वतःकडे बघितलं आणि आरशावर गुद्दा घातला. काच तिच्या बोटांत घुसली. मग तिने स्वतःच्या उजव्या डोळ्यावर मूठ मारली. या डोळ्याने घात केला, म्हणत परत मारली. मी तिच्यावर झेप घेतली, दोन्ही मनगटं धरली, ती मला ओढत भिंतीपर्यंत घेऊन गेली. तिचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि माझा पुढचा दात मुळासकट निघून जिभेवर आला. मी सोडलं नाही. आम्ही दोघी फरशीवर पडलो, तिच्या भुवईचं आणि माझ्या तोंडाचं रक्त एक झालं, आणि ती ओरडत होती की मला या डोळ्याने तीन मिनिटं साथ दिली असती तर. मला खरं बोलायची तेव्हा संधी होती. मी म्हटलं, हो बाळा, डोळ्यानेच दगा दिला.

तशीच टॅक्सीत घालून तिला मी आमच्या दवाखान्यात नेलं. शस्त्रक्रियेआधी डोळा तपासतात. तपासणाऱ्या मुलीने तिचा डावा डोळा झाकला आणि समोर बोटं धरली. भिंगरी म्हणाली चार. मग एक. मग दोन. सगळी बरोबर. पाटीवरच्या वरच्या तीन ओळीही तिने वाचल्या. खालचं काळं आहे, पण मधलं दिसणं शाबूत आहे, असं त्या मुलीने कागदावर लिहिलं आणि वेळेवर आलात म्हणून आमचं कौतुक केलं. भिंगरी मान वळवून त्याच सुजलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली. मी हातातल्या रुमालाकडे बघितलं, त्यात माझा दात गुंडाळलेला होता.

पडदा परत बसला. मोठ्या डॉक्टरांनी पडदा दाबून धरायला डोळ्यात गॅस भरला आणि सांगितलं की दहा दिवस पालथं पडून राहायचं, गॅस आहे तोवर विमानात पाऊल टाकायचं नाही आणि बॉक्सिंगचं नाव आयुष्यात काढायचं नाही. सर एकदा येऊन गेले, पण माझ्याशी बोलले नाहीत. डावखुरी नाकाला पट्टी बांधून संघाबरोबर जाणार आहे, एवढं त्यांनी जाता जाता भिंगरीला सांगितलं.

तीन दिवस भिंगरी माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात थेंबांची बाटली घेऊन गेले. ती पालथी होती, कपाळ उशीच्या खाचेत.

"मला दोन दिसली होती," ती फरशीकडे बघत म्हणाली.

मी बाटलीचं झाकण काढलं.

"अंधुक होती, पण दोनच. तुझं बोट तीनदा लागलं. मला वाटलं, माझा डोळा चुकतोय. मावशी कशी चुकेल."

मी तिला सगळं सांगितलं. पडदा कसा सुटतो, आणखी एका गुद्द्याने काय झालं असतं, मी किती आंधळी माणसं दारापर्यंत पोचवलीत. सांगताना माझा आवाज चढला, कारण मला भीती वाटत होती. माझं संपल्यावर ती म्हणाली की हे सगळं तिला डॉक्टरांनी आधीच सांगितलंय, आणि स्टुलावर मी असते आणि माझ्या जागी ती, तर तिनेही लढत थांबवली असती. पण तोंडाने सांगून.

मी तिचं डोकं वळवायला हात पुढे केला.

"थेंब सिस्टरला घालू दे," ती म्हणाली.

मी म्हटलं, वेडी आहेस का, या हाताने तीस वर्षांत कुणाला चुरचुरलंसुद्धा नाही. ती म्हणाली, माहीत आहे. पण तिने मान वळवली नाही आणि डोळा घट्ट मिटून घेतला. दात पडला तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं. मी बाटलीला झाकण लावलं आणि सिस्टरला बोलवायला गेले.