भिंतीपलीकडे जाणारं पाणी

आईच्या माघारी दोघा भावांनी घराच्या वाटण्या केल्या, मधोमध भिंत घातली आणि अबोला धरला. भांडण कशावरून झालं, हे आता दोघांनाही धड आठवत नसेल. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हिरवळ धाकट्याच्या वाट्याला आली, आईने लावलेलं मोसंबीचं झाड थोरल्याच्या.

त्या कोरड्या मुलखात हिरवळ राखायची म्हणजे पांढरा हत्ती पोसणं. रोज संध्याकाळी धाकट्याचे फवारे गरगरत आणि निम्मं पाणी वाऱ्याबरोबर भिंतीपलीकडे जाई. ते त्याला फार खुपे.

"वाया जातंय ते जातंय, वर त्याच्याकडे जातंय," तो बायकोला म्हणाला.

"जाऊ दे की. आईंचं झाड पितंय ना ते!"

"का? त्याच्या घरात नळ नाही?"

बायकोचं ऐकेल तर तो धाकटा कसला! त्याने फिटर बोलावला. हिरवळ उचलून वीतभर खोल ठिबकच्या नळ्या पुरल्या, वर पुन्हा माती लोटली. आता पाणी थेट मुळांना. पलीकडे एक थेंब जाईना.

"साहेब, पाणी निम्मं लागेल बघा," फिटर म्हणाला. धाकट्याला आनंद झाला होता तो वेगळ्याच गोष्टीचा.

ऊन तापलं तशी भिंतीवरून डोकावणारी फांदी पिवळी पडली. दादा आज ना उद्या पाणी घालेलच, असं म्हणून तो आत जाई. एकदा तर पाइप घेऊन भिंतीपर्यंत गेलाही. पण आपणच माघार का घ्यावी?

कुऱ्हाडीचा आवाज आला तेव्हा मात्र तो तसाच उठला. कित्येक वर्षांनी तो पलीकडच्या फाटकातून आत शिरला.

"दादा, बादलीभर पाणी घालणं झालं नाही तुझ्याच्याने?" तो रागावूनच म्हणाला. चुकलेल्या माणसाला आधी रागच येतो.

थोरल्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

"मी कधी घातलंच नाही रे. संध्याकाळी झाडाखाली खुर्ची टाकून बसायचो, तुझं पाणी अंगावर उडायचं. वाटायचं, बोलत नाही, पण आईच्या झाडाला रोज पाठवतोय. मग एकाएकी थांबलं. म्हटलं, काही बिघडलं असेल, येईल परत. आपण बादली उचलली म्हणजे तुझं पाणी गेलं ते गेलंच, असं वाटायचं. वाट बघत राहिलो."

धाकटा खाली बसला आणि तुटलेल्या फांद्या गोळा करू लागला. ते पाणी आपण कधी पाठवलंच नव्हतं, बंद मात्र मुद्दाम केलं, हे काही त्याच्याने सांगवलं नाही.