कारखान्याला गेलेलं नेट

कल्पना कर, तुझ्या चहूबाजूंना ऊस आहे. तुझ्या दुप्पट उंच आणि इतका दाट, की हात जरा पसरले तरी पंजे पानांना लागतील. पानांच्या कडा अंगाला ओरखडतात, तेव्हा हात आवरूनच उभं राहा. आता पलीकडच्या बांधावरच्या मैत्रिणीला हाक मार. तिला काय ऐकू जाईल? कुणीतरी काहीतरी पुटपुटल्यासारखं. तुझा आवाज वाटेतल्या पानांनी थोडा थोडा वाटून घेतला.

मोबाईलच्या लहरींचंही असंच होतं. उसाच्या पानात आणि कांड्यात पाणी भरलेलं असतं आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. उसातून नेट पलीकडे नेणं म्हणजे भर उन्हात जत्रेतून आईस्क्रीम घेऊन घरी चालत येणं. निघताना पुष्कळ असतं, पोचल्यावर नुसती काडी.

एवढं लक्षात ठेव. कारण आता आपण शेळगावच्या एका उसात जाणार आहोत आणि तिथे सहावीतली ओवी रडकुंडीला येणार आहे.

ओवीच्या आजोबांनी, म्हणजे सर्जेराव आबांनी, उसाला ठिबक केलं होतं. उसाच्या ओळीतून एक काळी नळी जाते, तिला ठरावीक अंतरावर बारीक तोंडं असतात आणि त्यांतून थेंब थेंब पाणी पडतं. ओवीला दिसलं, की नळीच्या सुरुवातीचा ऊस उंच आहे आणि शेवटाकडचा बुटका.

"तिथली जमीनच तशी हाय," आबा म्हणाले. "नळी एक, पाणी एक. मग कमी-जास्त कसं व्हईल?"

ओवी वाद घालत बसली नाही. तिने चहाचे कागदी कप आणले. एक नळीच्या पहिल्या तोंडाखाली ठेवला, एक शेवटच्या. दोन मिनिटं मोजली. पहिला कप जवळजवळ भरला, शेवटचा अर्धासुद्धा भरला नाही. रोज एकदा असं तिने पंधरा दिवस मोजलं आणि वहीत लिहून ठेवलं. शाळेतल्या बाईंनी तो प्रयोग विज्ञान प्रदर्शनाला पाठवला.

मग निरोप आला. बारामतीच्या प्रदर्शनात जायचं असेल, तर शनिवारी चार वाजून दहा मिनिटांनी परीक्षक सुप्रिया मॅडम व्हिडिओ कॉलवर प्रयोग बघतील. आधी काढून ठेवलेला व्हिडिओ चालणार नाही, शेतातूनच दाखवायचा. कॉल लागला नाही, तर त्या पुढच्या मुलाकडे वळतील.

आता अडचण बघ. घर कालव्याच्या भरावाजवळ, उंचावर. तिथे फोन छान लागतो. रान मात्र खोलगट, आणि शेवटचा कप ठेवायचा ती जागा घरापासून सगळ्यात लांब, मध्ये उभा ऊस. तिथे फोनवर एकही रेघ येत नसे.

म्हणून शनिवारी दुपारी बारामतीहून केयूरमामा आला. कृषी प्रदर्शनात, कुस्तीच्या मैदानात, लग्नाच्या मांडवात दोन दिवसांपुरतं नेट उभं करून द्यायचं, हेच त्याचं काम. त्याने पिशवीतून दोन डब्या काढल्या, प्रत्येक साबणाच्या वडीएवढी.

"एवढीशी?" ओवी म्हणाली. "मला वाटलं टेम्पो घेऊन येशील."

"तुझ्या कपांना टेम्पो कशाला? ऐक. पहिली डबी टॉवरकडून नेट घेते. दुसरी तिच्याकडून घेते आणि तुझ्या फोनला देते. पंगतीत भाताची परात हातोहात पुढे जाते ना, तसं. अट एकच. दोघींनी एकमेकींना बघितलं पाहिजे."

"डब्यांना डोळे असतात?"

"नसतात. म्हणून त्यांच्या जागी आपण उभं राहायचं आणि बघायचं. तुला दिसलं तर डबीला दिसलं."

पहिली डबी घराच्या स्लॅबवर ठेवली, कारण तारेसाठी प्लग तिथे होता. दुसरीला तिची स्वतःची बॅटरी होती, पण ती उसाच्या शेंड्यांच्या वर पाहिजे. शिडी कमी पडली. बांबूला बांधली, तर बांबू वाऱ्यावर डुलायला लागला आणि नेट यायचं-जायचं, यायचं-जायचं.

रानाच्या एका कडेला ऊसतोड चालू होती. भरावापासून थेट रानाच्या टोकापर्यंतचा पट्टा तोडून मोकळा झाला होता आणि त्या पट्ट्यात उसाने भरलेली ट्रॉली उभी होती, उभ्या उसापेक्षा हातभर उंच. ट्रॉलीच्या सावलीत तिचा ट्रॅक्टरवाला झुंबर आडवा झाला होता.

"झुंबर, कवा निघायचं?" आबांनी विचारलं.

"कारखान्याचा फोन आला की. आज काय येत न्हाय आबा, लई गाड्या हायत पुढं."

"मग दिवस बुडंस्तवर ही हलत न्हाय," आबांनी जाहीर करून टाकलं. "बांधा बिनघोर."

मामा वर चढला. ओवीने उसाचे हिरवे शेंडे पिळून त्यांची दोरी केली, तोडणीवाले मोळी बांधतात तशी, आणि डबी ट्रॉलीतल्या उसाच्या माथ्यावर पक्की बांधून घेतली. मग ती रानाच्या टोकाला पळाली आणि तिथून मामाला व्हिडिओ कॉल लावला. मामाच्या मिशीतला पांढरा केससुद्धा दिसला.

"एकच नाही, तीन आहेत," ती म्हणाली.

"कॉल बंद कर," मामा म्हणाला.

पावणेचार वाजले. मामा स्लॅबवर पहिली डबी बघत होता. ओवी उसात शिरून नळीच्या सुरुवातीचा कप भरून घेत होती. आबा ट्रॉलीजवळ होते. तेवढ्यात झुंबरचा फोन वाजला.

"आबा, नंबर लागला. लगीच या म्हनत्यात."

आता आबांना दोष देण्याआधी एक गोष्ट समजून घे. तोडलेला ऊस उन्हात वाळतो आणि वाळला की त्याचं वजन घटतं. नंबर लागला की खेप निघालीच पाहिजे, हे आबांच्या हाडात भिनलेलं. त्यांनी स्वतः चाकाखालचा दगड काढला. स्वतः पुढे उभं राहून हात हलवला. "येऊ दे, येऊ दे, जरा डावीकडं घे, आता ताण." ट्रॅक्टर गाणी लावून भरावावर चढला आणि दिसेनासा झाला. आबांनी समाधानाने हात झटकले.

मग त्यांनी ट्रॉली उभी होती तिकडे पाहिलं आणि हात झटकायचे थांबले.

भरलेला कप सांभाळत ओवी रानाच्या टोकाला पोचली, तर फोनवर एकही रेघ नव्हती. ती तशीच मोकळ्या पट्ट्यात आली. तिकडून मामाही धावत आला.

"मामा, नेट गेलं."

"असं कसं जाईल? कुठे गेलं?"

"भवानीनगरला, कारखान्याला," आबा हळूच म्हणाले.

मग मामाने भरावावर जाऊन झुंबरला फोन लावला. रिंग वाजत राहिली. झुंबरच्या गाण्यांपुढे रिंगेचं काय चालणार?

"मी गाडीवर जाऊन आणतो," मामा म्हणाला.

"किती वेळ लागेल?"

"जाऊन-येऊन पाऊण तास." ओवीचा चेहरा बघून त्याने लगेच गाडीला किक मारली.

"अगं, काट्यावर गेली तर डबीबी उसाच्याच वजनात धरत्याल," आबा तिला हसवायला म्हणाले. ओवी हसली नाही. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "चाळीस वर्सं खेपा धाडतोय पोरी. हात आपसूक उठला."

ओवीचे डोळे भरून आले होते. ती रानाच्या टोकाला, शेवटच्या कपापाशी जाऊन उभी राहिली. घराकडे पाहिलं. नुसता ऊस. मग नाक पुसायला तिने मान वळवली, आणि तोडलेल्या पट्ट्याच्या पार पलीकडे, भरावावर, एक शेळी तिच्याकडेच बघत उभी होती.

ओवी डावीकडे सरकली. शेळी दिसतच होती. उजवीकडे सरकली. तरीही दिसत होती. मध्ये एक पान नाही.

कुणी म्हणेल, मामाला हे आधी का नाही सुचलं? अरे, प्लग घरात होता. माणूस एकदा प्लग शोधून बसला की तिथून उठत नाही.

"आबा," ओवी ओरडली, "पहिली डबी स्लॅबवरनं काढून शेळीपाशी ठेवली तर? मध्ये ऊस नाही, ती थेट माझ्या फोनलाच नेट देईल."

"आणि लाईट? शेळीला प्लग न्हाय." आबा बोलता बोलता थांबले. "थांब. आपल्या फवारणीच्या पंपाला बॅटरी हाय. मोबाईल लावायची खाच बी हाय त्याला. मी रानात तिच्यावरच लावतो की फोन."

चार वाजून सहा मिनिटांनी सर्जेराव आबा भरावावर उभे होते. पाठीवर फवारणीचा रिकामा पंप, पंपाच्या डोक्यावर शेंड्यांच्या दोरीने बांधलेली डबी आणि डबीतून पंपात गेलेली तार. डबीने रान बघायला पाहिजे, म्हणून आबांनी रानाकडे पाठ केली होती. शेळी बाजूला झाली.

ओवीच्या फोनवर एक रेघ आली. मग दुसरी.

चार वाजून दहा मिनिटांनी सुप्रिया मॅडमचा चेहरा फोनवर उमटला. "नमस्कार ओवी. आवाज येतोय?"

"हो मॅडम." तिने आधीच भरून आणलेला कप दाखवला. "हा नळीच्या सुरुवातीचा, दोन मिनिटांचा. आता शेवटचा कप तुमच्यासमोर लावते." तिने रिकामा कप शेवटच्या तोंडाखाली ठेवला आणि मोजायला सुरुवात केली. पन्नासपर्यंत पोचली आणि मॅडमचा चेहरा गोठला, तोंड अर्धं उघडं.

ओवीने वर पाहिलं. आबांना राहवलं नव्हतं. ते वळून रानाकडे बघत होते आणि डबी त्यांच्या पाठीमागे गेली होती. माणसाच्या अंगातही पाणीच जास्त असतं. उसाने जे केलं, तेच आता आबा करत होते.

"आबा, पाठ दाखवा," ओवी ओरडली.

आबा परत वळले. मॅडमचं तोंड मिटलं.

एवढ्यात भरावावरून शेळ्यांची मालकीण कुशाबाई आल्या. "सर्जेराव, पंप पाठीवर आणि उभं नुसतंच? काय फवारताय, वारा?"

"नेट देतोय," आबा समोर बघत म्हणाले. "मला वळता येत न्हाय. वैनी, तुमी बघा की, काय करतीय ती?"

"बसलीया."

"कप भरला का?"

"मला कप दिसंना हितनं. पोरीचं त्वांड दिसतंय."

"कसं हाय?"

"परीक्षेला बसल्यावानी."

खाली ओवीचं मोजणं संपलं. तिने दोन्ही कप शेजारी शेजारी धरले. एक भरत आलेला, दुसरा अर्ध्याच्याही खाली. "म्हणून मॅडम, नळी लांब गेली की पाणी कमी पडतं."

"पाणी कमी पडतं, हे मला दिसलं," मॅडम म्हणाल्या. "पण नळी लांब गेली म्हणून पडतं, की नळीच्या शेवटी गाळ साठून ते तोंड बुजलंय म्हणून? दोन्हींत कप अर्धाच भरणार. तू कशावरून सांगतेस?"

ओवीने वही उघडली. पंधरा दिवसांचे आकडे होते. त्यांत याचं उत्तर कुठेच नव्हतं.

"माहीत नाही मॅडम," ती म्हणाली.

"अजून चार मिनिटं आहेत तुझी. तुझा अंदाज चुकला तरी मी गुण कापणार नाही. तू कसं शोधतेस, ते मला बघायचंय."

वरून आबांचा आवाज आला, "काय म्हनत्यात गं त्या? जमिनीचंच हाय ना?"

"ती काय बोलंना," कुशाबाईंनी आबांना सांगितलं. "नळीकडं बघतीया."

नळीचं टोक दुमडून कडीत अडकवलेलं होतं. वर्षातून दोनदा आबा ते सोडून नळी धुतात, हे ओवीने पाहिलं होतं. या वर्षी त्यांनी ते सोडलेलं तिला आठवेना.

तिने फोन वहीला टेकवून उभा केला, मॅडमना नळी नीट दिसेल असा. "आधी गाळ काढते मॅडम. मग कप भरला तर गाळ, नाही भरला तर लांबी." गुडघ्यांवर बसून कडी सरकवली आणि टोक सरळ केलं. चहाच्या रंगाचं पाणी भसकन तिच्या पायांवर आलं. ते निवळेपर्यंत ती थांबली. मग टोक दुमडून कडी परत लावली, अर्ध्या कपातलं पाणी उसाच्या बुडाशी ओतलं, रिकामा कप त्याच तोंडाखाली ठेवला आणि मोठ्याने, मॅडमना ऐकू जाईल अशा आवाजात, पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.