उसवलेल्या जर्सीची कानटोपी

मी कानटोपी बोलतेय. कान झाकणं हे माझं काम, पण आज जरा कान उघडे ठेवून ऐका. माझ्यापायी एका घरात भांडण पेटलं, गावानं नावं ठेवली, तरी मला स्वतःबद्दल तिळभर खंत नाही.

जन्मानं मी कानटोपी नव्हते. लष्करातली शेवाळी रंगाची जर्सी होते. पाटणजवळच्या एका गावातला धनाजी मला घालून डोंगरातल्या ठाण्यावर पहारा द्यायचा. बोटं गारठली की माझ्या बाह्या ओढून आत घ्यायचा, म्हणून त्या कायमच्या सैल पडल्या होत्या. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला. त्या दिवशी मी त्याच्या अंगावर नव्हते, ट्रंकेत होते. ट्रंक गावी आली आणि त्याच्या बायकोनं, हरणाबाईनं, मला मांडीवर घेतलं. तिनं सैल बाह्या सरळ केल्या, घडी घातली आणि मला पुन्हा ठेवून दिलं.

दोन वर्षं मी तिथं पडून होते. कडुलिंबाचा पाला घातलेला, तरी कसरीनं माझी पाठ कुरतडलीच. माणसांना वाटतं, जपून ठेवलं की वस्तू टिकते. ट्रंकेतल्या अंधारात राहून बघा एकदा!

मग एक दिवस धाकटा दीर नाथाजी उत्साहानं घरात आला. त्याला पंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"वैनी, दादाची जर्सी शाळंत काचंच्या कपाटात ठिवायची. सव्वीस जानेवारीला मोठं पावनं येनार हायती. कपाट बी सांगून आलोय."

"मला इचारलं व्हतं का?"

"त्यात काय इचारायचं? आपल्या घराचा मान हाय."

तो गेला. हरणाबाईनं ट्रंक उघडली, माझी भोकं बघितली. बाहेर ओसरीवर सासरा केरबा कानाला फाटका टॉवेल गुंडाळून खोकत बसला होता. कोयनेकाठची थंडी काय असते, ते तिथल्या म्हाताऱ्या कानांनाच विचारावं. पहाटे उसाला पाणी पाजायला जाऊन आला की त्याचे कान ठणकायचे आणि मग तो कुणाशी बोलायचा नाही.

हरणाबाईनं कातर आणली. माझ्या कडेची शिवण कापली आणि धागा ओढला.

खरं सांगते, मी घाबरले. ओळीमागून ओळ सुटत गेली. पण ती एका लयीत धागा ओढत राहिली, मग मीही धीर धरला. तिनं माझ्या लडी केल्या, कोमट पाण्यात धुतल्या आणि वेड्यावाकड्या झालेल्या धाग्याला सरळपणा यावा म्हणून खाली पाण्यानं भरलेला तांब्या टांगून वाळवल्या. विणकाम ती धनाजीबरोबर लष्करी क्वार्टरमध्ये राहत असताना शेजारच्या पहाडी बाईकडून शिकली होती. सुया मात्र नव्हत्या. तिचा भाऊ कृष्णात कुपवाडच्या कारखान्यात कामाला होता. त्यानं सायकलच्या चाकातल्या तारा घासून, टोकं गुळगुळीत करून पाठवल्या. कसरीनं खाल्लेला धागा टाकावा लागला, तेव्हा लोकर कमी पडली. शेजारच्या चंद्राबाईनं नातवाच्या स्वेटरातली उरलेली लाल लोकर दिली. शेवाळी टोपी, कपाळावर लाल पट्टा. अशी मी झाले.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात झेंडा फडकला. टेबलावर काचेचं कपाट होतं, त्यात धनाजीचा हार घातलेला फोटो होता आणि शेजारची जागा मोकळी होती. नाथाजी हरणाबाईजवळ आला.

"वैनी, जर्सी कुठाय?"

"मामंजींच्या डोक्यावर हाय."

आधी त्याला कळेचना. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"दादाची आठवन उसवलीसा तुमी!"

बायकांत कुजबूज झाली. "नवऱ्याच्या जर्सीला कातर लावली, बया!" पाहुणे घड्याळाकडे बघू लागले. नाथाजीनं मला ओढायला हात घातला. मी म्हाताऱ्याच्या कानांना घट्ट धरून बसले. केरबानं लेकाचं मनगट पकडलं.

"हात काढ. धनाजी सुट्टीवर आला की पैलं माझं कान चोळायचा. आज तसं वाटतंय मला. आनि काचंला कवा थंडी वाजती रं?"

कपाटातली ती जागा मोकळीच राहिली.

नाथाजीनं चूल वेगळी केली. केरबा थोरल्या सुनेकडे जेवू लागला. काही महिने कुणी हरणाबाईशी धड बोललं नाही. मग पुढच्या थंडीत, त्या दिवशी कुजबुजलेली एक बाई पदराखाली विटकी जर्सी घेऊन आली. तिच्या मागून दुसरी आली. आमच्या भागात घरोघरी फौजी. उंब्रजपर्यंतच्या बायका उरलीसुरली लोकर घेऊन यायला लागल्या. त्या ओसरीवर मफलर झाले, मोजे झाले, आणि बऱ्याच बायकांना हरणाबाईनं सुया धरायला शिकवलं.

परवा केरबा गेला. भरपूर जगून, झोपेत गेला. तिरडी बांधताना नाथाजी रडत म्हणाला, "टोपी ऱ्हाऊ द्या आबांच्या डोक्यावर. त्यांच्यासंगं जाऊ द्या."

हरणाबाईनं म्हाताऱ्याचे कान दोन्ही हातांनी चोळले आणि मला हळूच काढून घेतलं.

"त्यास्नी आता थंडी न्हाई, भावजी. मला हाय."

या वेळी नाथाजीनं माझ्याकडे हात नेला नाही, तिरडीचा दोर आवळायला घेतला.

आता मी तिच्या मांडीवर आहे. माझी कड झिजली आहे, लाल पट्टा विटला आहे. ती मला पुन्हा उसवणार आणि गळ्याशी घ्यायला मफलर विणणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःसाठी. विधवेच्या गळ्यात लाल धागा बघून लोक बोलतील. बोलू देत. त्यांच्या बोलण्यानं माझा एक टाकाही सुटायचा नाही.

हरणाबाई, कशाला थांबलीस? ओढ धागा.